वरच्या खोलीची तक्रार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, दूरध्वनी केंद्राचे सन्माननीय प्रमुख अभियंता साहेब; व्यासपीठावरचे सर्व अधिकारी आणि मान्यवर; केंद्रातले कर्मचारी बंधू-भगिनी, खांबावर चढणारे आणि खुर्चीत बसणारे दोघेही; समोर बसलेले ग्राहक, म्हणजे ज्यांनी एकदा तरी या केंद्राला मनापासून शिव्या घातल्या आहेत अशी आम्ही सगळी मंडळी; आणि आजच्या सत्कारमूर्ती, आदरणीय तक्रारबाई.

बाई, सुरुवातीलाच माफी मागतो. निमंत्रणपत्रिकेवर तुमचं पूर्ण नाव सोनेरी अक्षरांत छापलंय. ते वाचून मी बायकोला विचारलं, "या कोण?" ती म्हणाली, "अहो, आपल्या तक्रारबाई." इतकी वर्षं तक्रारीच्या टेबलावर बसून तुम्ही नावानं कोणालाच माहीत नाही, हा तुमचा अपमान म्हणायचा की सन्मान, ते अध्यक्ष महाराजांनी ठरवावं. मी आपला तक्रारबाईच म्हणणार.

संयोजकांनी मला बजावलंय की थोडक्यात बोला आणि हलकंफुलकं बोला. थोडक्याचं बघू. हलक्याफुलक्याची मात्र पंचाईत आहे. मी औषधाचं दुकान चालवतो. माझ्या गल्ल्यासमोर माणूस हसत येत नाही. आला तर मला त्याची चिठ्ठी दोनदा वाचावी लागते. तेव्हा ज्यांना विनोद हवे असतील त्यांनी माझ्यानंतर बोलणाऱ्या वक्त्यांची वाट पाहावी. मला एका फोनबद्दल सांगायचंय.

आम्ही नवं घर बांधलं. घर बांधताना माणसाला कसलं तरी वेड लागतं. कोणाला खिडक्यांचं, कोणाला फरशीचं. मला फोनचं लागलं. जुन्या घरात फोनची तार दारातून शिरून, फोटोंच्या मागून, कपाटावरून अशी पाहुण्यासारखी हिंडायची. नव्या घरात एकही तार दिसता कामा नये, असं मी ठरवलं. बैठकीत एक सॉकेट, स्वयंपाकघरात एक आणि वरच्या मजल्यावर अण्णांच्या खोलीत एक. सगळ्या तारा भिंतीच्या आतून. वायरमन म्हणाला, "फोनचं काय मोठंसं, मालक? तार ती तारच." माझा विश्वास बसला. दिव्यांच्या तारांबरोबर त्यानं फोनच्याही तारा ओढल्या, गवंड्यानं वरून गिलावा केला, रंगाऱ्यानं रंग दिला. भिंत अशी गुळगुळीत झाली की येणारा-जाणारा हात फिरवून बघायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. इथल्या अर्ध्या लोकांनी त्यांचा आवाज ऐकलाय. धान्याच्या बाजारात ते लिलाव पुकारायचे. अण्णा बोली पुकारू लागले की रस्त्यापलीकडच्या बँकेतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. हातात एक छोटी लाकडी हातोडी असायची. एक वार, ठक. दोन वार, ठक. तिसरा ठोका पडला की सौदा पक्का. तिसरा ठोका पडेपर्यंत माल कोणाचाच नाही, असं ते म्हणायचे, आणि याबाबतीत त्यांनी सख्ख्या भावाचीही गय केली नव्हती. वरची खोली त्यांनीच मागून घेतली होती, कारण तिथल्या खिडकीतून बाजाराचं फाटक दिसतं.

नव्या घरात सामान लागलं आणि अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं, हे सगळ्यांत वाईट. सगळं कळायचं, डोळ्यांत दिसायचं, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. असा आवाज होता त्या माणसाचा, आणि त्याला पाणी मागता येईना. आता तुमच्या मनात येईल, मग त्यांना खाली का नाही आणलं? आणलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि घास घेईनात. पुन्हा वर नेलं तेव्हा खाऊ लागले.

घरात आम्ही दोघं. मी सकाळी दुकान उघडायला निघायचो, ही तिच्या पाळणाघरात जायची, आणि अण्णांना सांभाळायला ज्या मावशी यायच्या त्या स्वतःच्या घरचं उरकून यायच्या. आम्ही गेल्यापासून मावशी येईपर्यंत अण्णा एकटे. आमच्या घरात त्याला "मधला वेळ" असं नाव पडलं होतं. शेजारी म्हणाल तर नवी वसाहत, अर्ध्या घरांना अजून कुलपं. पण मधला वेळ म्हणजे कितीसा, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मग एक दिवस चादर बदलताना मावशींना गादीखाली रुमालाची पुरचुंडी सापडली. त्यांनी ती मुकाट्यानं माझ्या हातात दिली. आत झोपेच्या गोळ्या होत्या. मीच आणलेल्या, रोज मीच त्यांच्या जिभेवर ठेवलेल्या. अण्णा त्या गालात धरून ठेवायचे आणि माझी पाठ वळली की काढून रुमालात बांधायचे. अध्यक्ष महाराज, मी औषधवाला आहे. जमवलेल्या गोळ्यांचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको होता. मी पुरचुंडी खिशात घातली. अण्णांनी ते पाहिलं, आणि आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहत राहिलो. रागवायला मला तोंड नव्हतं आणि सांगायला त्यांना वाचा नव्हती.

त्या दिवसापासून मधला वेळ माझ्या उरावर बसला. मी घाईनं फोन आणला आणि वरच्या सॉकेटला जोडून अण्णांच्या डाव्या हाताशी ठेवला. दुकानात माझा वेगळा नंबर आहे. अण्णांनी तो फिरवायचा, काहीतरी वाजवायचं, मी धावत यायचं. असा साधा बेत होता, आणि फोन मुका.

इथून या केंद्राचा आमच्या घराशी संबंध येतो. मी तक्रार नोंदवली. लाइनमन आला. मागे दाराशी उभा आहे तोच, ज्याला आपण सगळे "शिडी" म्हणतो. शिडी वर गेला, त्यानं फोन उचलला, फोन चालू. "काही नाही मालक, झकास आहे." तो गेला, आम्ही कामाला गेलो, संध्याकाळी अण्णांनी खुणेनं सांगितलं, मधल्या वेळेत फोन बंद. पुन्हा तक्रार, पुन्हा शिडी, पुन्हा फोन चालू. शिडीनं खांबावरचा जोड बदलला. सॉकेट बदललं. मग फोनच बदलला. तो असेपर्यंत सगळं झकास, आणि त्याची सायकल कोपऱ्यावरून वळली की फोन गेला. माझ्या बायकोनं अनुमान काढलं की अण्णांना रिसीव्हर नीट ठेवता येत नसेल. अण्णांनी डावा हात असा काही झटकला की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. शिडी तर म्हणू लागला की घराच्या पायाभरणीतच काहीतरी गडबड आहे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू तारांपुरतंच बोल.

आणि मग बाईंचा फोन आला. आमची ही पहिलीच ओळख.

"लाइनमन सांगतात चालू झाला. मला वरच्या फोनवरून आवाज ऐकवा."

मी म्हटलं, "थांबा, मी वर जाऊन बोलतो."

"तुम्ही वर राहता का?"

"नाही. वडील."

"मग वडिलांनी बोलायचं. ज्याच्यासाठी फोन बसवलाय त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी तक्रार बंद करत नाही. तुम्ही बोललात, मी बंद केली, आणि त्यांचा हातच तिथवर पोचत नसला तर?"

"बाई, त्यांना बोलता येत नाही."

मला वाटलं, आता ओशाळतील, दोन शब्द सहानुभूतीचे बोलतील आणि तक्रार बंद करून टाकतील. माणसं असंच करतात.

बाई म्हणाल्या, "मग काही वाजवता येईल का?"

इथले जुने कर्मचारी मान हलवतायत. हा बाईंचा जगजाहीर खाक्या. यापायी केंद्राच्या तक्रारी तुंबायच्या, वरून खरमरीत पत्रं यायची, असं माझ्या कानावर आहे. मीसुद्धा तेव्हा मनात म्हटलं होतं, काय चिवट बाई आहे.

ठरल्या वेळी शिडी वर हजर झाला. मी आणि बायको खाली बैठकीत. वर घंटा वाजली. अण्णांनी डाव्या हातानं रिसीव्हर उचलून मानेखाली धरला आणि मावशींना खूण करून हातोडी मागितली. बाजार सुटल्यापासून ती खुंटीला होती. त्यांनी पलंगाशेजारच्या मेजावर ठोका दिला. एक, दोन, तीन. इतक्या दिवसांत त्या घरात अण्णांचा पहिल्यांदा आवाज झाला. माझी बायको पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिली.

शिडी खुशीत जिना उतरला. उतरता उतरता त्यानं जिन्यातली दोन्ही बटणं बंद केली. आणि केंद्रात बाईंच्या कानाशी फोन मेला.

आता हे ऐका, आणि हसायचं असेल तर इथेच हसून घ्या. आमच्या घराला अण्णांची शिस्त होती. जिना अंधारा. पाहुणा वर निघाला की दोन्ही बटणं लावायची, उतरला की दोन्ही बंद. एक बटण जिन्याच्या दिव्याचं. दुसरं कसलं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण वीज जळत असेल या भीतीनं आम्ही तेही न चुकता बंद करायचो. इतक्या खेपा घालून शिडीलासुद्धा आमच्या घरचं वळण लागलं होतं. ते दुसरं बटण फोनचं होतं. वायरमनला बोलावून विचारलं तर त्यालाच नवल वाटलं. "पॉइंट म्हटला की बटण आलंच की, मालक. बिनबटणाचा पॉइंट मी काढलाच नाही कधी." म्हणजे कोणीतरी वर गेलं की फोन जिवंत, आणि अण्णा एकटे राहिले की फोन मेलेला. अण्णांनीच आम्हाला लावलेल्या शिस्तीनं आम्ही रोज त्यांचा फोन तोडत होतो.

भिंत फोडून तार बदलायला वायरमन येणार होता. तो अजून यायचाय. शिडीनं बटण चालू करून त्यावर काळी चिकटपट्टी मारली. ती आजही आहे.

झालं, फोन सुरू झाला. पण बाईंनी तक्रार बंद केली का? नाही. म्हणाल्या, "बिघाड येऊन-जाऊन होता. थोडे दिवस पाहणी करावी लागेल. तुमचे वडील एकटे कधी असतात?" मी मधला वेळ सांगितला. त्या म्हणाल्या, "मी त्याच वेळी फोन करीन."

ते थोडे दिवस सबंध हिवाळाभर चालले.

आम्हाला वाटायचं, फोन वाजतो, अण्णा ठोके देतात, संपलं. मग अण्णा सकाळी हनुवटीला हात लावून दाढी करायची खूण करू लागले. कंगवा मागू लागले. फोनवर दिसत नाही हे त्या माणसाला ठाऊक होतं, तरी. मावशी म्हणायच्या, "मी येते तेव्हा त्यांचा कान लाल असतो." एकदा मी तापानं घरी होतो. घंटा वाजली आणि मी खालचा रिसीव्हर उचलला. एकाच लाइनीवर तीन फोन असले की तेवढी एक सोय असते.

बाई अण्णांना तक्रारी सांगत होत्या. पाण्याच्या टाकीजवळच्या शिंपीणबाईंच्या मांजरानं पुन्हा तार कुरतडली. हॉटेलवाल्यानं फोन कढईत पाडला आणि वर भांडायला आला. आणि मग त्या विचारत होत्या, "अण्णा, लाइनमन एकच आहे. आधी शिंपीणबाई?" शांतता. "मग आधी दवाखाना?" ठक. "बरं, दवाखाना. ठेवू?" ठक. ठक. ठक.

साहेब, त्या हिवाळ्यात तुमचा लाइनमन आधी कुठे जायचा हे आमचे अण्णा ठरवत होते. यावर आपल्याला कारवाई करायची असेल, तर एक आरोपी आज निवृत्त होतोय आणि दुसरा उरलेला नाही.

मी रिसीव्हर हळूच ठेवला आणि तापलेल्या डोक्यानं तिथेच बसून रडलो. त्या दिवशी अण्णांना औषध द्यायला वर गेलो तेव्हा गादी उचलून पाहिली. खाली काही नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बावळट आहे. फार दिवसांनी त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं होतं.

आता पुढचं. ते सांगायलाच मी उभा राहिलोय, आणि नेमकं तेच सांगावंसं वाटत नाही.

थंडी संपत आली होती. मी दुकानात एका आजीबाईंना डोळ्यांत घालायचं औषध समजावत होतो. फोन वाजला. बाई होत्या. म्हणाल्या, "घरी जा. मी त्यांच्याशी बोलतेय." बस, एवढंच.

त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं विचारलं होतं, "ठेवू?" एक ठोका आला. दुसरा आला. तिसरा आलाच नाही. त्यांनी वाट पाहिली, हाका मारल्या. मग एका हातात आमची लाइन तशीच धरून दुसऱ्या फोनवरून दुकान लावलं.

मी गल्ला उघडा टाकून धावलो. जिना चढताना खोलीतून कोणीतरी बोलत असल्यासारखं ऐकू आलं. अण्णा पलंगावर एका कुशीला कलंडले होते. हातोडी फरशीवर पडली होती. रिसीव्हर उशीवर, त्यांच्या कानाशी, आणि त्यातून बाईंचा आवाज येत होता. मी उचलला. बाई सांगत होत्या, "...आणि अण्णा, शिंपीणबाईंचं मांजर आता खांबावर चढलंय. लाइनमनला शिडी घेऊन मांजरासाठी पाठवायचं म्हणतेय. तुम्ही काय म्हणता? घाई नाही. सावकाश सांगा."

मी म्हटलं, "बाई, मी बोलतोय."

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं." आणि तरीही त्यांनी फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

डॉक्टर म्हणाले, लगेच गेले नसतील, थोडा वेळ ऐकू येत असेल. आमच्या धंद्यात म्हणतात की कान शेवटी जातात. खरं आहे की नाही, मला माहीत नाही. पण मला ते खरं मानायचंय. दुसरा ठोका हा ठोका होता की हातोडी हातातून सुटल्याचा आवाज, तेही आता कोणी सांगू शकणार नाही. फोन चालू होता आणि तरी माणूस गेला. असं होतं. पण बाई, ज्या मधल्या वेळेची मला धास्ती होती, त्या वेळेत माझे वडील एकटे गेले नाहीत. याचे आभार कसे मानायचे, मला खरोखर कळत नाही. घरात ही आणि मी अजून या विषयावर धड बोललेलो नाही.

गेल्या आठवड्यात शिडी खोकल्याचं औषध न्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, बाईंच्या टेबलावर एक तक्रार उघडीच आहे. सगळ्या मिटवल्या, ही मिटवत नाहीत. साहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, "तिसरा ठोका आलेला नाही."

उद्यापासून ते टेबलही उठणार, असं ऐकतो. फोन बिघडला तर आता ध्वनिमुद्रित आवाज येईल आणि आपल्याला कुठलं बटण दाबायचं ते सांगेल. आमच्या घराला बटणांचा अनुभव चांगला नाही, पण असो.

आज या मानाच्या ठिकाणी मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्ष महाराजांचा आणि केंद्राचा मी ऋणी आहे. हलकंफुलकं बोला म्हणून सांगितलं होतं, तेवढं जमलं नाही. औषधवाल्याची जीभ कडूच असते, ती तुम्ही आजच्यापुरती गोड मानून घ्या. कोणाचं मन दुखावलं असेल, वायरमनचं धरून, तर पोटात घाला.

बसण्याआधी एक काम राहिलंय. हे मी खिशातून काढतोय ती अण्णांची हातोडी. संयोजक, हा माइक जरा टेबलाजवळ खाली घ्या. बाई, तुमचा नियम मला माहीत आहे. ज्याचा फोन त्याचाच आवाज हवा. तो मी आणू शकत नाही. पण अण्णा गेल्यापासून वरच्या खोलीत मी झोपतो, तो फोन माझ्या हाताशी असतो. तेव्हा आता तिथला ग्राहक मीच.

एक वार.

दोन वार.

तीन वार.

वरचा फोन चालू आहे, बाई. तक्रार बंद करा.